कामा रुग्णालय : दानाला जोडलेल्या एका अटीचा अभ्यास

मुंबईत महापालिका मार्गावर, आझाद मैदानासमोर, सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारी कामा आणि आल्ब्लेस रुग्णालयाची दगडी इमारत उभी आहे. आजच्या पिढीला हे नाव आठवते ते २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीमुळे. त्या रात्री दहशतवादी या इमारतीत शिरले असताना तेथील परिचारिकांनी गरोदर स्त्रियांना सुरक्षित खोल्यांत नेऊन दारे लावून घेतली होती. कित्येकांचा असाही समज आहे की हे रुग्णालय मादाम भिकाईजी कामा यांच्या नावाचे आहे. वास्तविक ते पेस्तनजी होरमसजी कामा या पारशी दात्याच्या देणगीतून उभे राहिले. त्याची पायाभरणी १८८३ मध्ये झाली, त्या वेळी भिकाईजींचे लग्नही झालेले नव्हते आणि त्या पटेल घराण्यातील एक तरुण मुलगी होत्या.

या प्रकरणाचा स्वतंत्र अभ्यास करावा असे वाटण्याचे कारण देणगीच्या रकमेत नाही, कारण लाखाच्या देणग्या मुंबईला त्यापूर्वीच परिचयाच्या झाल्या होत्या. पेस्तनजींच्या देणगीला एक अट जोडलेली होती. रुग्णालय स्त्रिया आणि मुलांसाठी असावेच, पण त्याचा वैद्यकीय कारभारही स्त्री डॉक्टरांच्याच हाती असावा, अशी ती अट होती. तोपर्यंत पश्चिम भारतातल्या एकाही सरकारी इस्पितळावर स्त्री डॉक्टरचा अधिकार चाललेला नव्हता. या एका अटीने काय साधले आणि काय साधले नाही, हे पाहणे हाच या लेखाचा विषय आहे.

आधीचा नमुना

मुंबईत दाता आणि सरकार यांच्या भागीदारीचा साचा जमशेटजी जीजीभॉय यांनी घालून दिला होता. १८३८ मध्ये त्यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी असे सुचवले. भायखळ्यास ३ जानेवारी १८४३ रोजी पायाभरणी झाली, आणि १८४५ पासून जीजीभॉय रुग्णालय व त्याला लागून असलेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांच्या आधाराने चालू लागले. जमशेटजींची संपत्ती चीनच्या व्यापारातून आली होती. त्या व्यापारात कापसाबरोबर अफूही होती, आणि मुंबईतल्या सार्वजनिक दानाचा इतिहास लिहिताना ही गोष्ट झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या संस्थेने मात्र शहराला पहिले सुशिक्षित देशी डॉक्टर दिले. भाऊ दाजी लाड आणि प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग हे तेथील १८५१ च्या पहिल्या पदवीधरांपैकी होते.

या साच्यात कामाची वाटणी ठरलेली असे. भांडवली खर्च, म्हणजे इमारत, दात्याने द्यावा, आणि जागा व दरसालचा खर्च सरकारने सोसावा. दात्याचे नाव दरवाजावर लागे, पण आत कोणी काम करावे, कोणाच्या हाताखाली करावे आणि कोणाला उत्तर द्यावे हे सरकारी वैद्यकीय खाते ठरवी. त्या खात्यातले सर्व अधिकारी पुरुष होते. १८८१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७३,१९६ भरली. एवढ्या मोठ्या शहरातील बहुसंख्य बायका बाळंतपणासाठी सुईणीवर आणि इतर दुखण्यांसाठी घरगुती औषधांवर किंवा वैद्य-हकिमांवर अवलंबून होत्या. परपुरुषाने अंगाला हात लावणे हे हिंदू, मुसलमान आणि पारशी अशा साऱ्याच घरांत कमीअधिक प्रमाणात संकोचाचे होते, त्यामुळे इस्पितळाचे दार उघडे असूनही पुष्कळ स्त्रियांच्या दृष्टीने ते बंदच होते.

मराठी वाचकाला या अडचणीचे सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे आनंदीबाई जोशी. त्यांचे पहिले मूल जन्मल्यावर दहाच दिवसांत गेले, आणि स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हवी हा निश्चय घेऊन त्यांनी फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे जाहीर भाषण केले व एप्रिलमध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस प्रयाण केले. कामा रुग्णालयाची पायाभरणी त्याच वर्षी नोव्हेंबरात झाली. एकीकडे एक तरुणी पदवी मिळवण्यासाठी समुद्र ओलांडत होती, आणि दुसरीकडे तशा पदवीधर स्त्रीला बसण्यासाठी खुर्ची कुठे असेल याची तजवीज मुंबईत चालली होती. या दोन हालचालींचा एकमेकींशी संबंध नव्हता, पण दोहोंच्या मुळाशी गरज एकच होती.

दोन संयोजक

देणगी पेस्तनजींची, पण योजना त्यांची नव्हती. ती आखली जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बेंगाली या दोघांनी, आणि माझ्या मते या प्रकरणातील खरी कर्तबगारी या दोघांच्या नावे मांडली पाहिजे. किट्रेज हे मुंबईत व्यापार करणारे अमेरिकन गृहस्थ होते. ९ मे १८७४ रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली तिच्या कंपनीशी त्यांचे नाव जोडलेले होते. सोराबजी हे पारशी समाजातले जुने सुधारक होते. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी तरुणपणापासून खटपट केली होती, आणि गिरण्यांतल्या मुलांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित व्हावेत म्हणून विधेयकाचा मसुदा करून त्यांनी चालवलेली चळवळ १८८१ च्या कारखाना कायद्याच्या मागे होती. कायदा कसा लिहावा, सरकारपुढे मागणी कोणत्या शब्दांत मांडावी आणि शेठ लोकांकडून पैसा कसा उभा करावा, या तिन्ही गोष्टींची त्यांना सवय होती.

१८८२ मध्ये डॉ. फ्रान्सेस हॉगन यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांचे वेगळे वैद्यकीय खाते असावे असा विचार इंग्लंडमध्ये मांडला. त्या विचाराने मुंबईतील या दोघांना चालना मिळाली आणि त्यांनी वर्गणी गोळा करून एक निधी उभारला. निधीची उद्दिष्टे तीन होती : ठराविक मुदतीच्या हमीवर इंग्लंडहून शिकलेल्या स्त्री डॉक्टर आणणे, स्त्रिया व मुलांसाठी दवाखाना आणि रुग्णालय काढणे, आणि येथील स्त्रियांना ग्रँट महाविद्यालयात वैद्यकाचे शिक्षण मिळवून देणे. यांतले कोणतेही एक काम सुटे केले असते तर ते फसले असते, हे त्यांच्या लक्षात आले होते. नुसत्या बाहेरून आलेल्या डॉक्टर मुदत संपताच परत गेल्या असत्या, नुसते रुग्णालय बांधले असते तर ते काही वर्षांत पुरुष सर्जनच्या ताब्यात गेले असते, आणि मुलींना शिकवून पदवी दिली तरी काम करायला जागा नसेल तर ती पदवी भिंतीवर टांगून ठेवण्यापलीकडे तिचा उपयोग झाला नसता. १८८३ मध्ये ग्रँट महाविद्यालयाचे दार स्त्रियांना उघडले, ते या प्रयत्नांतूनच.

या निधीच्या कामात पेस्तनजी होरमसजी कामा पुढे आले आणि त्यांनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले. ही रक्कम पुढे त्यांनी वाढवलीही. सरकारने जागा दिली, रुग्णालय चालवण्याचा खर्च पत्करला आणि स्त्री डॉक्टरांच्या कारभाराची अट मान्य केली. नोव्हेंबर १८८३ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या हस्ते कोनशिला बसवण्यात आली. इमारतीचे काम मंचेरजी कावसजी मर्झबान यांच्याकडे होते. सरकारी अभियंता म्हणून मुंबईतल्या अनेक सार्वजनिक इमारती उभ्या करणाऱ्या मर्झबानांचे नाव फोर्टातल्या एका रस्त्याला आजही आहे.

अट कुठे घातली गेली, याकडे लक्ष दिले पाहिजे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत नेमणुका करणे हा सरकारचा हक्क होता, आणि तो हक्क एखाद्या अर्जाने किंवा वर्तमानपत्रातल्या पत्राने मर्यादित करता आला नसता. परंतु देणगी स्वीकारणे म्हणजे तिच्या शर्ती स्वीकारणे, आणि एकदा कोनशिला बसल्यावर त्या शर्तींतून मागे फिरणे सरकारला अवघड होते, कारण तसे झाले असते तर पुढच्या साऱ्या दात्यांचा विश्वास उडाला असता. मुंबई सरकारचा सार्वजनिक बांधकामाचा गाडा शेठ मंडळींच्या उदारपणावर किती चालत होता, हे त्या काळातील कोनशिलांवरची नावे वाचली तरी समजते. सोराबजी आणि किट्रेज यांनी ही ताकद ओळखली आणि ती नेमक्या ठिकाणी वापरली.

एडिथ पीची

रुग्णालयाची धुरा सांभाळण्यासाठी निवड झाली ती डॉ. एडिथ पीची यांची. एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकण्यासाठी १८६९ मध्ये प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांच्या गटातील त्या एक होत्या. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी मिळवलेल्या गुणांवर होप शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, पण त्या स्त्री असल्यामुळे ती त्यांच्याखाली आलेल्या पुरुष विद्यार्थ्याला देण्यात आली. त्यांना अखेर पदवी घ्यावी लागली ती स्वित्झर्लंडमधील बर्न येथून. त्यानंतर लीड्स येथे त्यांचा व्यवसाय चांगला चालला होता. तो सोडून त्या डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईत उतरल्या.

त्या वेळी रुग्णालयाचा नुसता पाया भरला गेला होता. म्हणून १८८४ मध्ये जाफर सुलेमान यांच्या नावाच्या दवाखान्यातून कामाला सुरुवात झाली आणि १८८६ मध्ये, लॉर्ड रे गव्हर्नर असताना, रुग्णालय उघडले. पीची बाईंनी येथे परिचारिकांना शिक्षण देण्याची व्यवस्था केली, हिंदुस्थानी भाषा शिकून घेतली, आणि बालविवाहाविरुद्ध जाहीरपणे बोलणे हा आपल्या कामाचाच भाग मानला. कोवळ्या वयाच्या मुलींची बाळंतपणे पाहणाऱ्या डॉक्टरला त्या प्रश्नावर गप्प राहता येत नव्हते, असेच म्हटले पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. अधिकाराचे पद असलेल्या स्त्रीला शहरात किती ठिकाणी बोलता येते, हे त्यांच्या उदाहरणाने दिसले. तोच शब्द खासगी दवाखाना चालवणाऱ्या एखाद्या बाईने उच्चारला असता तर त्याला तेवढे वजन आले नसते.

याचा सर्वांत स्पष्ट दाखला रखमाबाईंच्या जीवनात मिळतो. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे ग्रँट महाविद्यालयातून शिकून पुढे आलेले. लहानपणी झालेल्या लग्नामुळे नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला आणि दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर फिर्याद केली. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला, अपिलात तो फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये नांदायला जा नाहीतर सहा महिन्यांची कैद भोगा, असा हुकूम झाला. साऱ्या महाराष्ट्रात या खटल्यावर रणे माजली. १८८८ मध्ये तडजोड झाल्यावर रखमाबाईंनी डॉक्टर होण्याचे ठरवले, आणि त्यांना लंडनला पाठवण्यासाठी जी मदत उभी राहिली तिच्यात पीची यांचा पुढाकार होता. शिक्षण पुरे करून रखमाबाई परतल्या, काही काळ त्यांनी कामा रुग्णालयातच काम केले, आणि मग सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयाचा कारभार हाती घेतला. सुरत व राजकोट येथे मिळून त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे सेवा केली.

आनंदीबाईंना कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर नेमले होते, पण त्या आजारी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. रखमाबाई जगल्या आणि काम करू शकल्या. या दोन आयुष्यांतला फरक नशिबाचा आहे, कोणत्याही दानपत्राचा नाही. तरीही परतलेल्या डॉक्टर स्त्रीला पाय ठेवायला मुंबईत एक जागा तयार असणे ही लहान गोष्ट नव्हती.

अट नसती तर

अटीचे मोल समजण्यासाठी फार तर्क करावा लागत नाही, कारण समोर तुलना उपलब्ध आहे. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या नावाने सबंध देशासाठी निधी स्थापन झाला. त्याला राजाश्रय होता, संस्थानिकांच्या देणग्या होत्या, आणि त्यातून गावोगाव जनाना इस्पितळे निघाली. पण त्यांतील बऱ्याच ठिकाणी स्त्री डॉक्टरच्या वर जिल्ह्याच्या पुरुष सिव्हिल सर्जनची देखरेख राहिली. रोगी स्त्रिया, डॉक्टर स्त्री, आणि शस्त्रक्रियेपासून नोकरांच्या नेमणुकीपर्यंत शेवटचा शब्द पुरुषाचा, अशी ती व्यवस्था होती. या व्यवस्थेविरुद्ध पुढे ज्यांनी सातत्याने आवाज उठवला त्या डॉ. ॲनेट बेन्सन कामा रुग्णालयाच्याच प्रमुख होत्या. पीची १८९४ मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त झाल्यानंतर बेन्सन यांनी ही जबाबदारी घेतली. १९०७ मध्ये हिंदुस्थानातील स्त्री डॉक्टरांची संघटना उभी राहिली तिच्या त्या अग्रणी होत्या, आणि १९१४ मध्ये स्त्रियांची स्वतंत्र वैद्यकीय सेवा निर्माण झाली त्यामागे या चळवळीचा रेटा होता. दुसऱ्या इस्पितळातल्या स्त्री डॉक्टरला जी तक्रार वरिष्ठांच्या मार्फत करावी लागे, ती बेन्सन स्वतःच्या अधिकारपदावरून करू शकल्या.

देणग्यांचा ओघही अटीमुळे आटला नाही. बमनजी एदलजी आल्ब्लेस यांच्या देणगीतून १८९० च्या सुमारास त्याच आवारात प्रसूतिगृह उभे राहिले आणि संस्थेच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले. शर्ती घातल्या तर दाते किंवा सरकार बिचकतील, ही भीती आजही विश्वस्त मंडळांच्या बैठकीत बोलून दाखवली जाते. या प्रकरणात ती खरी ठरली नाही.

अटीची मर्यादा

मात्र अटीत जे लिहिले तेवढेच मिळाले. ‘स्त्री’ असे म्हटले होते, ‘हिंदी स्त्री’ असे म्हटलेले नव्हते. परिणामी चार दशके रुग्णालयाचे प्रमुखपद इंग्लंडहून आलेल्या स्त्रियांकडेच राहिले. निधीच्या तिसऱ्या उद्दिष्टाप्रमाणे ग्रँट महाविद्यालयातून मुली शिकून बाहेर पडत होत्या, पण त्यांना दुय्यम जागा मिळत. सुरुवातीच्या काळात हे समजण्यासारखे आहे, कारण १८८३ मध्ये नेमण्यासाठी पात्र हिंदी स्त्री डॉक्टर उपलब्धच नव्हती. पण किती वर्षांनी किंवा कोणत्या पायरीने येथील स्त्रियांनी कारभार हाती घ्यावा याची तरतूद कुठेच नव्हती, आणि अशी तरतूद नसली की तात्पुरती म्हणून सुरू झालेली व्यवस्था वर्षानुवर्षे मुरते. संयोजकांच्या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे, पण ही उणीव लहान नाही.

पुढच्या पिढीतील दात्यांनी नेमकी हीच जागा भरून काढली. परळला केईएम रुग्णालय आणि त्याला जोडून शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये उघडले. तेव्हा गोर्धनदासांच्या विश्वस्तांनी महाविद्यालयासाठी दिलेल्या देणगीला जोडलेली शर्त अशी होती की शिकवणारे सर्व हिंदी असावेत आणि ते सरकारी नोकरीतले नसावेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मक्तेदारीला मुंबईत पडलेले ते मोठे खिंडार होते. डॉ. जीवराज मेहता तेथील पहिले अधिष्ठाता झाले. दोन्ही प्रकरणांतली हत्यारे एकाच घडणीची आहेत : पैसा इमारतीसाठी, आणि शर्त माणसांविषयी.

स्त्री आणि हिंदी या दोन्ही गोष्टी कामा रुग्णालयाच्या प्रमुखपदी एकत्र आल्या त्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या रूपाने. बेने इस्रायल समाजातील, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणी यहुदी घराण्यातील या मुलीची बहीण एकदा गंभीर आजारी पडली होती आणि ती कामा रुग्णालयात डॉ. बेन्सन यांच्या उपचारांनी बरी झाली. आपणही डॉक्टर व्हायचे आणि याच रुग्णालयाचे प्रमुख व्हायचे, असे त्या वयातच तिने ठरवले. लहान मुलीला अशी इच्छा व्हावी यासाठी त्या खुर्चीवर एक बाई बसलेली तिने डोळ्यांनी पाहिलेली असणे आवश्यक होते, आणि १८८३ च्या अटीने नेमके तेच घडवून आणले होते. ग्रँट महाविद्यालयातून शिकून, सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला जाऊन त्या परतल्या, आणि १९२८ पासून १९४७ पर्यंत त्यांनी कामा रुग्णालयाचा कारभार सांभाळला.

त्या काळात झिराड बाईंनी केलेले एक काम येथे नोंदवले पाहिजे. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबई शहरातील मातामृत्यूंची पाहणी हाती घेतली. बाळंतपणात किंवा त्यानंतर दगावलेल्या स्त्रियांची माहिती मिळवून, मृत्यूचे कारण काय आणि तो टाळता आला असता का, याचा शोध त्यांनी घेतला. ज्या स्त्रिया इस्पितळापर्यंत पोचल्याच नाहीत त्यांच्याविषयीही रुग्णालयाने विचार करावा, ही किट्रेज आणि सोराबजी यांच्या मूळ चिंतेची पुढची पायरी होती. त्या पाहणीचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला.